बुकातला बांबू

भारतीय वन कायदा, १९२७. कलम २, पोटकलम ७. झाड कशाला म्हणायचं हे सरकारने तिथे लिहून ठेवलं होतं. ताडमाड झाड. बांबू झाड. झुडूप झाड, वेत झाड, खुंटसुद्धा झाड. खुंट म्हणजे झाड तोडून झाल्यावर जमिनीत उरतं ते. तोडल्यावरही झाडाचं झाडपण कायम ठेवणारा इतका मायाळू कायदा दुसरा नसेल.

वनस्पतिशास्त्राचं बुक उघडलं तर बांबू गवताच्या कुळात सापडतो. भात, ऊस, ज्वारी हे त्याचे चुलतभाऊ. आणि बुक न उघडता गडचिरोलीतल्या धानोऱ्याच्या किंवा भामरागडच्या कुठल्याही पोराला विचारलं, तर पावसाळ्यात रांजीतून, म्हणजे बांबूच्या बेटातून, वर येणारे वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, त्याने पाहिलेले असतात, आईने केलेली त्यांची भाजी खाल्लेली असते. काल गुडघ्याएवढा होता तो कोंब आज कमरेला लागतो. सागवान असं वागत नाही, हे त्याला माहीत असतं.

आता हिशेब मांडा. एका बाजूला शास्त्राचं बुक आणि पोराचा अनुभव, दोघांचं एकमत. दुसऱ्या बाजूला कायद्याचं बुक, एकटंच. जिंकलं कोण? कायद्याचं बुक. ऐंशी-नव्वद वर्षं जिंकत राहिलं.

शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत 'पुस्तकी ज्ञान श्रेष्ठ की अनुभव' असा विषय हटकून असतो. निम्मी पोरं टेबलावर मूठ आपटून पुस्तकाची बाजू घेतात, निम्मी अनुभवाची, आणि परीक्षक 'दोन्हींचा समन्वय' सांगून चहाला जातात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात हा सामना कधी झालाच नाही. इथे भांडण होतं ते कुणाच्या बुकावर शिक्का आहे एवढ्याचंच.

साहेबाला गवत ओळखता येत नव्हतं, असं समजू नका. साहेब शिकलेले असतात. पण बांबू झाड ठरला की तो इमारती लाकडाच्या रांगेत बसतो आणि सरकारचा होतो. गवत ठरला तर गौण वनोपज होतो आणि गाव हात पुढे करतं. एवढ्यासाठी वनस्पतिशास्त्र विसरायला कोण तयार होणार नाही? पगार चालू असताना माणूस याहून अवघड गोष्टी विसरलेला आहे.

तर हा सरकारचा बांबू जायचा कुठे? बल्लारपूरला. तिथला कागद कारखाना १९४५ सालचा. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, तो १९८२ साली झाला. त्याआधी सगळा चंद्रपूर, म्हणजे जुना चांदा. त्या जंगलातला बांबू सवलतीच्या दराने कारखान्यात जायचा, त्याचा लगदा व्हायचा, लगद्याचा कागद आणि कागदाची बुकं. त्यातल्या एखाद्या बुकात 'वृक्ष आपले मित्र' असा धडाही असेल. बुरडाला मात्र सूप-टोपली विणायला चार बांबू हवे असले की डेपोच्या दारात उभं राहावं लागायचं. घरावर घालायला गावकऱ्याने रात्री दोन बांबू आणले तर ती चोरी. कारखान्याने ट्रक भरून नेले तर तो औद्योगिक विकास.

दर काय असायचे याचा अंदाज शेजारच्या कर्नाटकावरून घ्या. तिथे दांडेलीच्या कागद कारखान्याला १९५८ साली सरकारने बांबू दिला तो दीड रुपया टनाने. टनाने, हो. बुरडाला त्या भावात दोरीसुद्धा मिळाली नसती.

त्याच कर्नाटकातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात एक मराठी माणूस आहे आणि काटे आहेत. कारवारकडच्या जंगलात बांबू संपत चालला, कारखाना ओरडू लागला. १९७५च्या सुमारास सरकारने शास्त्रज्ञाला पाचारण केलं. ते माधव गाडगीळ. मूळचे पुण्याचे, हार्वर्डचे डॉक्टर. वन खात्याचं म्हणणं सरळ होतं, गावकरी कोंब खातात, त्यांची गुरं कोंब खातात, म्हणून बांबू संपतो. खात्याच्या कार्य आयोजनात, म्हणजे त्यांच्या पोथीत, बांबूच्या रांजीसाठी एक सूचना होती. काटस बांबूच्या बुडाशी काटेरी फांद्यांचं जाळं असतं. ते साफ करावं, म्हणजे रांजी मोकळी होते, हवा खेळते, तोड करायला सोपं जातं. वाचायला किती छान वाटतं. दाट केस कापावेत तसं.

गाडगीळांनी गावकऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, काटे काढले म्हणूनच बांबू मेला. नवा कोंब मऊ असतो, गोड असतो. गाईला आवडतो, वानराला आवडतो, साळिंदराला आवडतो. काट्यांचं ते जाळं म्हणजे बांबूने स्वतः घातलेलं कुंपण. तुम्ही कुंपण काढलंत आणि गुरांना दोष दिलात.

गाडगीळांनी हे ऐकून घेतलं आणि 'लोकज्ञान थोर असतं' असं म्हणून टाळ्या घेतल्या नाहीत. रांज्या मोजल्या, कोंब मोजले, वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. गावकरी खरे निघाले, पोथी खोटी निघाली. पोथी लिहिणारा माणूस बांबूच्या बुडाशी कधी बसला असता, हातातून दोन काटे काढले असते, तर एवढा खटाटोप लागला नसता. पण साहेब बुडाशी बसत नाहीत. पँटला माती लागते.

आता परत गडचिरोलीत येऊ. धानोरा तालुक्यातलं मेंढा, लेखा गावाशेजारचं म्हणून मेंढा-लेखा. जेमतेम पाचशे वस्तीचं गोंडांचं गाव. 'मावा नाटे मावा सरकार', म्हणजे आमच्या गावात आम्हीच सरकार, म्हणणारं. गावचे नेते देवाजी तोफा आणि त्यांच्या सोबतीने काम केलेले कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल ही त्या गावाशी जोडलेली दोन नावं वाचकांना माहीत असतीलच. शहरातले लोक मेंढ्याचं कौतुक करतात ते 'निसर्गाशी एकरूप साधी माणसं' म्हणून. असलं कौतुक ऐकलं की मला पोटात ढवळतं. मेंढ्याच्या लोकांनी साधेपणाने काही मिळवलेलं नाही. त्यांनी अभ्यास केला. गावात अभ्यासगट चालवले. ग्रामसभा वेगळी, अभ्यासगट वेगळा. ग्रामसभेत निर्णय, तोही सर्वांच्या संमतीने. अभ्यासगटात नुसती चर्चा, निर्णयाची घाई नाही. आग्या मोहोळाचा मध पोळं न जाळता, माशा न मारता कसा काढावा, यावरसुद्धा तिथे बसून डोकं चालवलं गेलं. कायद्याची कलमं वाचली गेली. वाचता येणाऱ्याने वाचली, बाकीच्यांनी ऐकली, आणि ऐकणाऱ्यांनी वाचणाऱ्याला असे प्रश्न विचारले की वाचणाऱ्याला पुन्हा वाचावं लागलं.

आपल्या विद्यापीठांत याला सेमिनार म्हणतात. फरक एवढाच की तिथे ऐकणारे प्रश्न विचारत नाहीत, प्रमाणपत्र विचारतात.

२००६ साली वन हक्क कायदा आला. त्याच्या कलम २ मध्ये गौण वनोपज कशाला म्हणायचं याची यादी आहे आणि त्या यादीत बांबू आहे. छापलेला. स्पष्ट. १५ ऑगस्ट २००९ रोजी मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गाव म्हणालं, आता आमचा बांबू आम्ही विकतो, वाहतुकीचा परवाना द्या. खातं म्हणालं, बांबू झाड आहे. गाव म्हणालं, नव्या बुकात गौण वनोपज आहे. खातं म्हणालं, आमच्या बुकात झाड आहे. गावाने नवं बुक वाचलं होतं, खात्याने जुनं पाठ केलं होतं.

परवाना मिळाला तो २७ एप्रिल २०११ रोजी. केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण दोघेही मेंढ्याला आले तेव्हा. एका छापील शब्दाचा अर्थ लागायला दिल्ली आणि मुंबई दोन्हीकडून हेलपाटे पडले. वाहतूक परवान्यांचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती आलं. बुकं बांबूचीच होतात म्हणा, पण हे बुक पहिल्यांदा बांबूच्या मालकाकडे आलं.

पुढे २०१७ साली संसदेने १९२७च्या कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून 'बांबू' हा शब्द काढून टाकला. नव्वद वर्षांनी बांबूला गवत व्हायची परवानगी मिळाली. तीही शेतातल्या बांबूच्या सोयीसाठी. जंगलातला बांबू वन कायद्याखालीच राहील, असं सरकारने लगोलग बजावलं. कोंबांना हे अजून कळवलेलं नसावं, ते बांधाच्या दोन्ही बाजूंना सारखेच उगवतात.

एवढं वाचून कुणी म्हणेल, चला, निदान वन हक्क कायद्याने तरी अनुभवाला मान दिला. दिला की. नियम १३ वाचा. दाव्याला पुरावा म्हणून काय चालेल त्याची यादी आहे. सरकारी नोंदी चालतात, नकाशे चालतात, घर-विहीर-बांध चालतात, स्मशान चालतं, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाबही चालतो. फक्त तो लेखी हवा. म्हातारा जन्मभर ज्या जंगलात राहिला ते जंगल पुरावा नाही. म्हाताऱ्याने सांगितलेलं दुसऱ्याने कागदावर उतरवलं की ते पुरावा. आणि असा एक पुरावा पुरत नाही, एकाहून अधिक लागतात. नियम लिहिणाऱ्याची नियत चांगली होती, यात शंका नाही. नियम लावणारे मात्र यादीत वरून तिसऱ्या ओळीपर्यंतच वाचतात, म्हातारा खालच्या ओळीत असतो.

आणि जो आदिवासी नाही त्याची गंमत आणखी वेगळी. ढिवर असो, कुणबी असो, त्याने १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं, इथल्या वनावर काढल्याचं दाखवायचं. म्हणजे १९३०. त्या साली पणजोबा जंगलात जळण गोळा करत होते याचा दाखला आणा. पणजोबांनी पावती ठेवली नाही. निष्काळजी माणूस.

याच मुलखात गोंड राजांच्या काळात कोहळ्यांनी तलाव बांधले. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, जिथे जाल तिथे ते आहेत. पुढे मालगुजारांकडे गेले, १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली तेव्हा सरकारजमा झाले. आता त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणायचं, लाडाने मामा तलाव. पाणी कुठून येतं, पाळ कुठे घालायची, सांडवा कुठे काढायचा, हे ठरवणाऱ्या कोहळ्याकडे पदविका नव्हती. सरकारकडे पदवीधर अभियंते होते. तलाव गाळाने भरले. भांडणाला कुणी उरलं नाही म्हणून हा विषय इथेच सोडतो.

ताडोब्याच्या अवतीभवती वाघ आणि माणूस यांचं जे चाललंय त्यावर आता दर उन्हाळ्यात पत्रकं निघतात. पहाटे व संध्याकाळी जंगलात जाऊ नये. एकट्याने जाऊ नये. वाकून किंवा बसून काम करू नये. पत्रक अगदी बरोबर आहे. वाकलेला माणूस वाघाला चौपायी दिसतो असं जाणकार सांगतात. पण मोहाचं फूल रात्री सुटतं आणि पहाटे झाडाखाली सडा पडतो. ऊन चढेपर्यंत थांबलात तर गुरं, चितळं, अस्वल, जो आधी येईल तो खाऊन जातो. आणि उभ्याने मोह वेचायची रीत अजून कुणाला सापडलेली नाही. बाई टोपली घेऊन वाकते, एकेक पिवळट फूल उचलते, कमरेतून सरळ होते, चहूकडे बघते, पुन्हा वाकते. पत्रकात जे लिहिलंय ते तिला पत्रक निघायच्या आधीपासून माहीत आहे. तिला विचाराल तर ती म्हणेल, "मोह दुपारी पडला असता त दुपारीच गेलो असतो जी." पत्रकावर पुढच्या वर्षासाठी नवा फोटो टाकतील.

आता थोडं औषधपाण्याकडे. अभय आणि राणी बंग हे डॉक्टर जोडपं गडचिरोलीत १९८६ पासून आहे. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापले. ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग होतं. आजवर तपासणी किंवा उपचार झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. जगभरच्या वैद्यकशास्त्राला धक्का बसला. कारण वैद्यकाच्या बुकात खेड्यातली बाई दोनच वेळा आजारी पडायची, गरोदर असताना आणि बाळंत होताना. उरलेलं आयुष्य ती ठणठणीत. दोन्ही गावांतल्या बायकांना यात धक्का बसण्यासारखं काही नव्हतं. त्यांना ते रोज दुखत होतं. पण दुखणं लंडनला छापून आल्याशिवाय ते दुखणं नव्हे.

बंगांच्या संस्थेतलं एक खेळण्यासारखं दिसणारं यंत्र मला फार आवडतं. लहान मुलाला न्यूमोनिया आहे का हे श्वासाच्या गतीवरून कळतं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल, त्याहून मोठं, वर्षाच्या आतलं मूल पन्नास किंवा जास्त, तर धोका. बुकात एवढंच. पण गावातल्या दाईला साठपर्यंत मोजता येत नव्हतं, तिची मजल दहा-बारापर्यंत. शहाण्या डॉक्टरने काय केलं असतं? दाईला अंकगणित शिकवायची योजना काढली असती, निधी मागितला असता, पाटीवर उजळणी घेतली असती. यांनी तसं केलं नाही. एक पाटी घेतली, दोन तारांत मणी ओवले, सोबत एक मिनिटाची वाळूची घडी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वरच्या तारेत पाच निळे मणी आणि मग लाल, खालच्या तारेत चार निळे आणि मग लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. झालं निदान. दाईला दहा येत होते, दहावरच सगळं उभं केलं. बुक तसूभर बदललं नाही आणि दाईसुद्धा बदलली नाही. दोघांच्या मधली तार बदलली.

पुढे गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. जंतुदोष झाला तर इंजेक्शन द्यायलासुद्धा. त्यावर बुकवाल्यांनी भुवया उंचावल्या, कमी शिकलेल्या बाईच्या हाती सुई? शहरातल्या इस्पितळात नेलं असतं तर बाळ नियमाप्रमाणे वाटेत गेलं असतं, ते कुणाला खटकत नव्हतं. ३९ गावांत हे काम केलं, ४७ गावांशी तुलना केली, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हेही १९९९ साली 'लॅन्सेट'मध्येच छापलं. छापल्यावर भुवया खाली आल्या.

इथवर वाचून अनुभववाल्यांनी कॉलर ताठ केली असेल, तर जरा थांबा. समर्थ रामदासांनी 'दासबोधा'त मूर्खांसाठी एक समास लिहिला, पढतमूर्खांसाठी वेगळा लिहिला. अनुभवमूर्खांचा समास लिहायचा राहून गेला. तो गडचिरोलीत लिहिता आला असता.

साप चावला की माणसाला पुजाऱ्याकडे नेतात. पुजारी मंत्र टाकतो, मुळी उगाळतो, माणूस उठून घरी जातो. दहातले बरेचसे असेच उठून जातात. गावाचा अनुभव आहे, पिढ्यानपिढ्यांचा, डोळ्यांदेखतचा. खोटं कोण म्हणेल? पण बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. त्या माणसांना मंत्राऐवजी हनुमान चालिसा ऐकवली असती, सिनेमाचं गाणं ऐकवलं असतं, नुसतं बाजेवर झोपू दिलं असतं, तरी ते उठून घरी गेले असते. मग एका रात्री अंथरुणात मण्यार चावते. दंश दुखत नाही, खूण धड दिसत नाही. पहाटे पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. पुजाऱ्याकडे नेतात, कारण अनुभव चांगला आहे. हा माणूस उठत नाही. आणि गाव म्हणतं, याची वेळच भरली होती. उठलेले पुजाऱ्याच्या नावावर जमा, न उठलेले देवाच्या नावावर खर्ची. असा जमाखर्च ठेवला तर कुठलाही अनुभव तोट्यात जात नाही. उपाय सरकारी दवाखान्यातल्या बाटलीत असतो. रस्ता असला, गाडी असली आणि बाटली शिल्लक असली तर.

आणि ऑगस्ट २०२१ मधलं, चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातलं वणी खुर्द आठवा. भानामतीच्या संशयावरून गावातल्या सात जणांना, त्यात म्हाताऱ्या बायका आणि म्हातारे, भर चौकात बांधून मारलं. राज्यात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे, म्हणजे बुक तिथे होतं. मारणाऱ्यांकडे अनुभव होता. कुणाचं अंग दुखत होतं, कुणाच्या घरी आजार हटत नव्हता, सगळा प्रत्यक्ष, स्वतःचा, अस्सल अनुभव. त्याचा अर्थ लावायला मात्र त्यांनी शेजारची म्हातारी निवडली. अशा दिवशी मला बुक हवं असतं, जाडजूड, शिक्क्याचं, आणि ते घेऊन येणारा हवालदारही हवा असतो.

गाडगीळांनी कोंब मोजले, बंगांनी श्वास मोजले. पुजाऱ्याने मेलेले मोजले नाहीत. खात्याने दीड रुपया मोजला.

अनुभवाला अलीकडे बाजारात भाव आला आहे, तेही सांगायला हवं. पुण्या-मुंबईच्या वाचकांना पुस्तकी ज्ञानाचा कंटाळा आला आहे. त्यांना 'ऑथेंटिक' हवं असतं. दोन रात्री, तीन दिवस, ट्रायबल एक्सपिरियन्स, न्याहारीसह. पहाटे सफारी, दुपारी मातीच्या भिंतीवर हाताचे ठसे, संध्याकाळी रेला नृत्य, पावसाची शक्यता असल्यास हॉलमध्ये. जेवणात लाल मुंग्यांची चटणी चमच्याच्या टोकावर, फोटो काढून झाल्यावर ताटाच्या कडेला. हेमलकशाला आमट्यांवरच्या २०१४ च्या सिनेमानंतर पाहुण्यांची रीघ वाढली. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे १९७३ सालच्या डिसेंबरात सुरू झालेल्या प्रकल्पात आयुष्य घालवून जे शिकले, ते पाहुण्याला दुपारच्या जेवणाआधी शिकून निघायचं असतं, कारण बस सुटते. परतल्यावर तो व्याख्यान देतो. विषय असतो 'मी पाहिलेला गडचिरोली'. हा अनुभव पुस्तकाहून पातळ असतो. पुस्तक निदान तीनशे पानं तरी बसवून ठेवतं.

शेवटी नोकरीचं. वनरक्षकाची भरती निघते. जंगल राखायला माणूस हवा, म्हणून लेखी परीक्षा. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता. वाघ कुठल्या भाषेत गुरगुरतो हे खात्याने कधी जाहीर केलेलं नाही, पण इंग्रजी येत असलेली बरी. अनुसूचित क्षेत्रात स्थानिक आदिवासींसाठी पदं राखलेली असतात, हे खरं. पेपर मात्र तोच. त्यात पास झालात की धावायचं. निवड झालीच तर शेवटी चालायचं, चार तासांत पुरुषांनी पंचवीस किलोमीटर, बायकांनी सोळा. तेंदूच्या हंगामात भल्या पहाटे निघून, पानं तोडून, डोक्यावर भारा घेऊन फळीवर, म्हणजे पानं मोजून घेतात तिथे, पोहोचणाऱ्या पोरीला ही शेवटची परीक्षा म्हणजे सुट्टीचा दिवस वाटेल. पण ती चालायच्या परीक्षेपर्यंत पोहोचतच नाही. आधी 'सिनॉनिम' लिहायचे असतात.

ज्याला सिनॉनिम येतात तो रुजू होतो. नवा गणवेश, नवे बूट, हातात बीटचा नकाशा. पहिल्याच आठवड्यात तो गावात येऊन पाटलाच्या ओट्यावर टेकतो आणि विचारतो, जंगलातल्या वाटा माहीत असलेला कोणी माणूस मिळेल का?

मिळतो. रोजंदारीवर. मजुरी तीन महिन्यांनी.